धूळ माझी, ऊन तिचं

मित्रांनो, नाशिकच्या आमच्या कॉलेजात रसायन विभागाच्या जिन्याखाली, मोडक्या बाकांच्या मागे एक पत्र्याचा ठोकळा उभा आहे. येणारे-जाणारे त्याला जुना कूलर समजतात. परवा एका मुलीनं तर कोंबड्यांचं खुराडं म्हटलं. तो ठोकळा म्हणजे मी, एक जुना धूळपंप. हवा आत ओढायची, पांढऱ्या कागदातून गाळायची आणि कागदावर राहिलेली धूळ माणसांच्या हवाली करायची, एवढंच माझं काम होतं. काम वाईट नव्हतं, पण त्यासाठी कोणी टाळ्या वाजवाव्यात असंही नव्हतं. आणि मला टाळ्या हव्या असत. माझा स्वभाव मुळातच हेवेखोर, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढं ऐकताना तुम्ही म्हणाल, पंप असून किती जळतो हा!

माझा जन्म अंबडला, कारखान्यांच्या गर्दीतल्या मोतीराम मिस्त्रींच्या शेडमध्ये झाला. साल एकोणीसशे त्र्याऐंशी. मिस्त्री एरवी धान्याच्या कोठ्या आणि कूलरचे सांगाडे करत. एके दिवशी रसायनशास्त्र शिकवणाऱ्या सरोजिनीबाई स्वतः काढलेला आराखडा घेऊन तिथं आल्या.

"मिस्त्री, वर उतरतं छप्पर हवं. छपराखाली चारी बाजूंनी फट ठेवा, तिथून हवा आत शिरेल. आत कागदाची चौकट आणि खाली मोटार."

"आन् ह्यात भरायचं काय, बाई?"

"धूळ."

मिस्त्रींनी कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली. "धूळ तर फुकट मिळती की. तिच्यासाठी मशीन?"

"फुकट मिळते म्हणूनच कोणी तिची चौकशी करत नाही," बाई म्हणाल्या.

तेव्हाच मला बाई आवडल्या. त्यांनी मला कॉलेजच्या गच्चीवर नेऊन बसवलं. एका अंगाला पांडवलेण्यांचा डोंगर, दुसऱ्या अंगाला अंबडची धुराडी, खाली गाड्यांनी भरलेला रस्ता. दूरच्या खडी क्रशरची धूळ वारा फिरला की थेट माझ्या तोंडात येई. सकाळी पांढरा शुभ्र कागद लावावा आणि दुसऱ्या दिवशी चहाच्या गाळण्यासारखा तपकिरी काढावा, असा माझा दिनक्रम. प्रयोगशाळेतला शिपाई हिरामण रोज ओल्या फडक्यानं माझं अंग पुसे. तो पेठकडचा, डोंगरातला माणूस. माझा घरघराट ऐकून म्हणे, "लय खातो रं बाबा तू!" मुलांनी ते ऐकलं आणि माझं नाव धूळखाऊ पडलं.

बाईंनाही मुलांनी नाव ठेवलं होतं, सोवळ्यातल्या बाई. कारण माझ्याजवळ यायचे त्यांचे नियम फार कडक. कागद चिमट्यानंच धरायचा. तोंडाला पावडर लावून वर यायचं नाही. माझ्यासमोर शिंक आली तर तोंड फिरवून लांब पळायचं. एकदा त्यांनी एका विद्यार्थ्याला पावडरच्या वासावरून गच्चीतून घालवून दिलं होतं. तो मुलगा देवळ्याहून शिकायला आला होता, नाव दिवाकर. पुढं शिकून तो ह्याच विभागाचा प्रमुख झाला, पण ती गोष्ट काही विसरला नाही.

ते माझे सुखाचे दिवस होते. बाई संध्याकाळचा चहा माझ्या सावलीत स्टुलावर बसून घेत. दुसऱ्या कॉलेजांतून पाहुणे आले की त्यांना आधी गच्चीवर आणत आणि माझ्या छपरावर हात ठेवून म्हणत, "हा आमचा धूळखाऊ." त्या हाताची मला इतकी सवय झाली की एखादा दिवस तो पडला नाही तर मला घरघरायचासुद्धा कंटाळा येई.

मग मृण्मयी आली. पंचवटीतली मुलगी, तिचे वडील यात्रेकरूंची पूजा सांगायचे. बाईंच्या हाताखाली ती संशोधन करणार होती. पहिल्याच दिवशी गच्चीवर येऊन तिनं माझा कागद उन्हात धरला आणि विचारलं, "बाई, आपण नुसतं धुळीचं वजनच करत राहायचं? ऊन पडल्यावर ही धूळ हवेत काय करते ते बघायचं का?"

मी मनात हसलो. धूळ काय करणार? उडणार, नाकात जाणार, कपाटावर बसणार. पण बाईंनी हातातला चहा खाली ठेवला आणि त्या दोघी अंधार पडेपर्यंत बोलत बसल्या. माझ्या सावलीत नाही, कठड्यापाशी.

त्यांच्या बोलण्यातून मला जे कळलं ते तुम्हालाही सांगतो. आपल्याकडची माती काळ्या खडकाची आहे. तिच्यात लोह असतं, टायटॅनियम असतं. असा एखादा कण हवेत तरंगताना त्याच्यावर ऊन पडलं की त्याच्या अंगाला जाग येते. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातला वायू त्या कणाला येऊन चिकटतो आणि तिथंच बदलून वेगळा होऊन बाहेर पडतो. म्हणजे आपल्या डोक्यावर धुळीचा एकेक कण छोटी भट्टी लावून बसलेला असतो. ऊन गेलं की बहुतेक भट्ट्या थंड.

खरं सांगू? मला पहिला हेवा वाटला तो धुळीचा. इतकी वर्षं जिला मी ओढून ओढून खाल्ली, ती बाहेर असली कर्तबगारी करत होती आणि मला पत्ताही नव्हता! पण धुळीचा हेवा करून करणार काय, ती तर माझ्याच पोटात येणार होती. खरी सवत पुढं यायची होती.

ती आली कापसात गुंडाळून. क्वार्ट्झची काचपेटी, बंगळूरहून मागवलेली. साधी काच उन्हातले अतिनील किरण अडवते, ही अडवत नव्हती. सगळं ऊन जसंच्या तसं आत घेत होती, म्हणून तिचं एवढं कौतुक. मृण्मयी तिला हातमोजे घालून दोन्ही हातांनी उचले. तिच्याखाली मखमलीचा तुकडा आणि तिच्यासाठी खास लाकडी घडवंची. माझ्याखाली चार विटा होत्या. घडवंची मांडली तीही माझ्यापासून हातभर अंतरावर, म्हणजे दिवसभर तिच्याकडे बघत बसणं आलं.

प्रयोग असा असे. माझ्या कागदावरची धूळ मृण्मयी मऊ ब्रशानं झाडून घेई, काचपेटीत पसरे आणि धुरातला तो वायू मोजून आत सोडी. पेटी उन्हात ठेवी. काही वेळानं आतली हवा रसायन मिसळलेल्या पाण्यातून बुडबुड करत काढी. वायू जितका शिल्लक असेल तितकं ते पाणी गुलाबी होई. उन्हात ठेवलेल्या धुळीचं पाणी फिकट निघे, म्हणजे वायू बदलून गेलेला. मग तीच धूळ काळ्या कापडाखाली झाकून पुन्हा तेच करायचं. तेव्हा पाणी गडद निघे, म्हणजे अंधारात धुळीनं काहीच केलेलं नसे. पेटी रिकामी ठेवूनही ती बघून घेई, की नुसत्या उन्हानं किती फरक पडतो. मुलगी पक्की होती, हे मला मान्य करावंच लागेल.

पण पाणी फिकट निघालं की दोघी टाळ्या कोणासाठी वाजवत? पेटीसाठी! "बघा बाई, पेटीनं काय दाखवलं!" अरे, पेटीनं काय केलं? ती नुसती लोळत पडली होती उन्हात. पावसाळा संपल्यापासून पुढच्या पावसापर्यंत खाकरत, गरम होत, क्रशरची धूळ खाल्ली मी. तिच्यावर कावळा बसू नये म्हणून जाळी आणली. माझ्यावर कावळे बसून काय काय करून गेले, कोणी विचारलं नाही. माझा नुसता तिळपापड होई. आणि बाई? त्या आता चहा पेटीजवळ घेत, मृण्मयीशी बोलत. छपरावर हात पडणं कमी झालं, मग बंदच झालं.

खंडेनवमीला तर कळसच होई. त्या दिवशी विभागात यंत्रांची पूजा असते, तराजू, भट्ट्या, नळकांडी सगळं मांडून. काचपेटीला खाली नेत, तिच्या घडवंचीला झेंडूची माळ घालत. मी गच्चीवर चालू ठेवलेला असे, म्हणून माझ्याकडे कोणी फिरकत नसे. "धूळखाऊ चालू आहे, वर जायचं नाही," असा मृण्मयीचाच नियम. मी वरून आरतीच्या टाळ्या ऐकायचो आणि कुढायचो.

दोन हजार तीन साल उजाडलं. मृण्मयीचा प्रबंध लिहून होत आला होता. बाईही पुढच्या उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. विभागप्रमुख झालेल्या दिवाकर सरांना मात्र ह्या कामावर विश्वास नव्हता. "धूळ ती धूळ," ते म्हणत, "तिला कसलं आलंय रसायन? प्रयोग माझ्यासमोर करून दाखव, मग मी प्रबंधावर सही करतो." मृण्मयी म्हणाली, दाखवते सर. तारीख ठरली दसऱ्यानंतरची.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला मृण्मयी वडिलांच्या मदतीला घरी होती. खालची पूजा उरकली आणि जिन्यात पावलं वाजली. बाई वर आल्या, हातात हळदीकुंकवाचं तबक. मागं हिरामण. बाईंना गुडघ्यांमुळे जिना चढवत नसे, त्या कठड्याला धरून जरा थांबल्या. मग माझ्यासमोर आल्या.

"ह्याची कधी कोणी पूजाच केली नाही, हिरामण."

"व्हय बाई. गरीब हाय बिचारं."

बाईंनी माझ्या पत्र्यावर कुंकवाची बोटं ओढली. डोळे मिटले. मग चिमूट चिमूट हळद उचलून माझ्या छपरावर वाहिली, आणखी वाहिली. पुढच्या वर्षी आपण इथं नसू हे बहुतेक त्यांच्या मनात आलं असावं, कारण त्यांचा हात थांबेना. मित्रांनो, मी त्या वेळी चालू होतो. छपराखालच्या फटीतून जे येईल ते मी आत ओढत होतो. ज्या बाईंनी मुलांना माझ्यासमोर शिंकू दिलं नाही त्यांनी मूठभर हळद माझ्या तोंडात घातली, आणि त्या क्षणी त्यांना ते सुचलंही नाही. पूजेला उभं राहिलं की हात आपोआप चालतात. आपल्याकडे ते असंच असतं. मलाही सुचलं नाही. मी तर हवेत होतो! खाली ती काचपेटी झेंडूची माळ घालून बसली असेल, पण बाई जिना चढून आल्या त्या माझ्यासाठी. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता.

दसऱ्यानंतर हिरामणनं फडकं फिरवून माझ्यावरचं कुंकू पुसून टाकलं. कागदावर त्या दिवसांत धूळच इतकी होती की पिवळं काही उठून दिसत नव्हतं. मृण्मयीनं नेहमीसारखी धूळ झाडून घेतली.

ठरल्या दिवशी दिवाकर सर गच्चीवर आले. आधी काळ्या कापडाखालचा प्रयोग झाला. पाणी गडद गुलाबी निघायला हवं होतं, ते निघालं फिकट. मृण्मयीचा चेहरा उतरला. तिनं पुन्हा केलं, पुन्हा फिकट.

"म्हणजे अंधारातही वायू नाहीसा होतोय," सर म्हणाले. "मग उन्हानं होतं म्हणतेस ते काय?"

"सर, आजवर असं कधी झालं नाही."

"आजवर मी समोर नव्हतो. खरं सांग, आधीचे आकडे मनचे लिहिलेस का?"

तिनं फिकट पाण्याची नळी पुन्हा उजेडात धरली. तिचं नावच पणाला लागलं होतं. आकडे मनचे लिहिले असा एकदा बोभाटा झाला की संशोधकाला पुन्हा कोण दारात उभं करतं? आणि मी काय करत होतो? सांगायला बरं वाटत नाही, पण पहिल्या झटक्याला मला गंमत वाटत होती. काचपेटीची फजिती झाली होती ना! मग हळूहळू आतल्या चौकटीतून हळदीचा वास माझ्या लक्षात आला आणि माझी गंमत जिरली.

सर गेल्यावर मृण्मयी एकटीच माझ्यापाशी येऊन बसली. कितीतरी दिवसांनी पेटीकडे पाठ करून. तिनं माझा एकेक खिळा न्याहाळला, मग छपराखालच्या फटीतून बोट फिरवलं. बोट पिवळं झालं. तिनं ते हुंगलं. ज्या घरात हळदीकुंकवाचे डबे भरलेले असतात तिथल्या मुलीला हा वास ओळखायला कितीसा वेळ लागणार? हळद त्या वायूला उन्हाची वाट न बघताच धरते, हेही तिला तिथल्या तिथं उमगलं. तिनं हिरामणला हाक मारली.

"हिरामणमामा, नवमीला वर कोण आलं होतं?"

हिरामणनं मान खाली घातली. "ताई, बाई सोताच आल्या व्हत्या. लय मनापास्नं पूजा केली त्यांनी."

मृण्मयी बराच वेळ बोट पुसत राहिली. "कोणाला सांगू नका."

"मंग तुमचं कसं व्हायचं?"

"बघू. बाई आता निवृत्त होणार. सगळ्यांसमोर त्यांचं हसं नको."

दुसऱ्या दिवशी तिनं सरांना एवढंच सांगितलं, की नमुना खराब झाला होता. कशानं, असं त्यांनी विचारलं तेव्हा ती गप्प राहिली. सरांनी हिरामणला काचपेटी खाली नेऊन कपाटात बंद करायला सांगितलं आणि ते स्वतः गच्चीवर उभे राहिले. माझी सवत चालली होती. किती वर्षं मी ह्याच दिवसाची वाट बघत होतो, आणि आता मला तो नको होता.

हिरामण पेटी गुंडाळायचा कापूस आणायला म्हणून खाली गेला तो बाईंकडेच. थोड्या वेळानं बाई वर आल्या, कठड्याला धरत, धापा टाकत.

"दिवाकर, थांब. मृण्मयी, खराब निघालेली धूळ कुठंय? अंधारात ठेवलेली?"

"बाई, जाऊ द्या ना."

"आण म्हणते ना. हिरामण, तुझी चुन्याची डबी दे."

"माझ्याकडं कुठली डबी, बाई?"

"तंबाखू खातोस हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. दे इकडे."

हिरामणनं ओशाळून खिशातून डबी काढली. बाईंनी चिमूटभर चुना पाण्यात कालवला, वरचं निवळ पाणी बोटानं त्या तपकिरी धुळीवर सोडलं. धुळीत लालभडक ठिपके उमटले. नाशिकात हे ओळखायला रसायनशास्त्र लागत नाही.

"हळद?" दिवाकर सर म्हणाले. "धुळीत हळद कुठून आली?"

"वाऱ्यानं आली असेल, सर," मृण्मयी घाईघाईनं म्हणाली. "दसऱ्याचे दिवस होते."

"वाऱ्यानं नाही आली," बाई म्हणाल्या. "मी वाहिली. यंत्र चालू असताना."

"मॅडम, तुम्ही?"

"मीच. तुला पावडरच्या वासावरून इथून घालवून दिलं होतं ना, तीच मी. विभागाच्या बैठकीत हे सांग, माझं नाव घेऊन सांग. पण त्या मुलीच्या आकड्यांवर बोट ठेवायचं नाही."

सर गोंधळून गेले. रागवायचं की आणखी काही, त्यांनाच समजेना. शेवटी म्हणाले, "ठीक आहे. नवीन धूळ घ्या. दिवाळीच्या सुट्टीआधी मला पुन्हा दाखवा. तेवढाच वेळ आहे."

बातमी दुपारपर्यंत कॉलेजभर झाली. सोवळ्यातल्या बाईंना मुलं हळदीकुंकवाच्या बाई म्हणू लागली. जिन्यात त्यांच्या मागं कोणीतरी फिदीफिदी हसलेलं मी गच्चीवरून ऐकलं.

आता सगळं माझ्यावर होतं. मृण्मयीनं माझं छप्पर उतरवलं, फटी, चौकट, खिळे, सगळं धुऊन कोरडं केलं. पण माझी मोटार म्हातारी झाली होती. आतले कार्बनचे तुकडे झिजलेले, ठिणग्या उडत होत्या. दुरुस्तीला उघडली तर सुट्टी लागेपर्यंत हाती येणार नव्हती. "जमेल का ह्याला?" मृण्मयीनं विचारलं. बाईंनी नवा कागद पुढं केला.

मित्रांनो, त्या दिवसांत माझ्या मनात काय काय आलं! मी बंद पडलो असतो तर मला कोणी बोल लावला नसता. जुनं यंत्र, पडलं बंद. धूळ मिळाली नसती, काचपेटी कपाटात गेली असती आणि गच्चीवर मी एकटा राहिलो असतो, पूर्वीसारखा. मी मनात म्हणायचो, बघू दे तरी ह्यांना, माझ्याशिवाय त्या काचेची काय किंमत आहे ती. मग मृण्मयी येऊन कान लावून माझा आवाज ऐकायची, आणि तिच्या चेहऱ्यावरची काळजी माझ्याच्यानं बघवत नसे. यंत्राच्या हातात किती असतं हे मला सांगता येणार नाही. मी इतकंच म्हणेन, की मला बंद पडायचं नव्हतं. ऑक्टोबरचं ऊन वरून, मोटारीची धग खालून, पण मी ओढत राहिलो. खडी क्रशरची धूळ, रस्त्याची धूळ, वाळलेल्या शेतांची धूळ, सगळी आणून त्या कागदावर नीट पसरली.

शेवटचा कागद पुरेसा भरला आणि त्याच दुपारी माझ्या पोटातून धूर निघाला. मृण्मयी धावत आली. तिनं आधी कागद काढला, चिमट्यानं, आणि छातीशी धरला. मला वाईट वाटलं नाही असं नाही, वाटलंच. मागून बाई आल्या आणि त्यांनी माझ्या छपरावर हात ठेवला. पत्रा चांगला तापलेला होता. हिरामण ओरडला, "बाई, हात भाजंल!" तरी त्यांनी तो लगेच काढला नाही.

दुसऱ्या दिवशी सर आले. काळ्या कापडाखालचं पाणी गडद गुलाबी निघालं. कापड काढलं, पेटी उन्हात आली, आणि पाणी फिकट झालं. सरांनी स्वतःच्या हातानं पुन्हा करून बघितलं, रिकामी पेटीही बघितली. सगळे पेटीभोवती दाटीनं उभे होते आणि त्या सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. मी काळा पडून विटांवर बसलो होतो. आतली धूळ कोणाची, असं एकानंही विचारलं नाही.

"मृण्मयी, मी माझे शब्द मागे घेतो," सर म्हणाले आणि तिथंच, कठड्यावर कागद ठेवून त्यांनी सही केली.

सगळे चहाला खाली गेले तेव्हा दोघी मागं राहिल्या. मृण्मयी रडत होती.

"बाई, तुम्ही सांगायला नको होतं. सगळे तुम्हाला हसतात."

"हसू देत गं. माझं शिकवून झालंय, तुझं अजून सुरू व्हायचंय. चल, डोळे पूस, चहा निवतोय."

नंतर माझ्या जागी आकडे दाखवणारा नवा पंप आला आणि मी जिन्याखाली. काचपेटी मृण्मयीबरोबर दुसऱ्या गावी गेली. बाई निवृत्त झाल्या. हिरामण आहे, पण त्याला आता वाकवत नाही, त्यामुळे माझ्यावर धूळ साचते. आणि आता ती ओढून घ्यायची माझ्यात ताकद नाही.

तुम्हाला माझी एक विनंती आहे. एखाद्या यंत्रावर तुमची माया असेल तर आधी त्याचं बटण बंद करा, त्याचं तोंड पुसा, झिजलेला भाग वेळेवर बदला, आणि मग हवी तेवढी पूजा करा. जे गुपचूप राबतं त्याला वर्षातून एकदा नव्हे, रोज थोडं बघा. आणि धुळीला कमी लेखू नका. ह्या घटकेला, बाहेर ऊन असेल तर, ती तुमच्या डोक्यावर कामाला लागलेली आहे.

काचपेटीबद्दल मला आता काही वाटत नाही. मखमल, जाळी, टाळ्या, सगळं तिला लखलाभ. पण जगासमोर उभं राहून कोणीतरी माझ्यासाठी आपलं उभ्या जन्माचं नाव असं घालवावं, असं माझ्या वाट्याला कधी आलं नाही. ते मृण्मयीच्या वाट्याला आलं. तिचा मला हेवा वाटतो, आजही.